मूल धरणारे हात

भारतीय दंड संहितेत बऱ्याच कलमांखाली छोटी छोटी उदाहरणं दिलेली होती. 'अ' असं करतो, 'ब' तसं करतो, मग 'अ'ने गुन्हा केला की नाही? शाळेतल्या गणितासारखी. वकिलांना ती पाठ असतात, आपल्यासारख्यांच्या वाटेला ती सहसा येत नाहीत. कलम ८९ खालचं उदाहरण असं होतं: अ आपल्या मुलाच्या भल्यासाठी, मुलाच्या संमतीशिवाय, एका सर्जनकडून त्याचा मुतखडा कापून काढवतो. या शस्त्रक्रियेत मूल दगावण्याची शक्यता आहे हे त्याला ठाऊक आहे. पण हेतू मुलाला बरं करण्याचा आहे, त्यामुळे हा गुन्हा नाही.

तीन कलमं पुढे, ९२ खाली, आणखी एक मूल भेटतं. अपघात झालाय, ताबडतोब शस्त्रक्रिया केली नाही तर जीव जाईल, पालकांना शोधायला वेळ नाही. सर्जन शस्त्रक्रिया करतो. मूल 'नको, नको' म्हणून गयावया करत असतानाही करतो. हाही गुन्हा नाही.

मी व्यवसायाने सॉफ्टवेअर इंजिनिअर, कायद्याचा किंवा वैद्यकाचा अभ्यासक नाही. पण ही गयावया वाचून थबकलो. कायद्याच्या रुक्ष मजकुरात मुलाचं रडणं नोंदवायची खरं तर गरज नव्हती. 'मुलाच्या संमतीशिवाय' एवढं म्हणून भागलं असतं. लिहिणाऱ्याला मात्र ठाऊक होतं की मुलावर शस्त्र चालवायचं म्हणजे समोर एक रडणारं, हातपाय झाडणारं मूल असणार, आणि कुणीतरी त्याला धरून ठेवलेलं असणार. सर्जनला कायद्याने माफी दिली, बापाला दिली. धरणाऱ्यांचा उल्लेख कुठेच नाही. हा लेख त्या धरणाऱ्या हातांबद्दल आहे.

सुश्रुताचा बलवान माणूस

उदाहरणासाठी मुतखडाच का निवडला असेल? आज मुतखडा म्हटलं की आपल्यासमोर पाठीत कळ येणारा, बिअर आणि कुळथाच्या पाण्याचे सल्ले ऐकणारा चाळिशीचा गृहस्थ येतो. तो किडनीतला खडा. पूर्वी मूत्राशयात होणारा खडा हा मोठ्या प्रमाणावर मुलांचा आजार होता. नुसत्या धान्यावर वाढणाऱ्या, दूध-प्रथिनं कमी मिळणाऱ्या गरीब मुलांना तो होई. आहार सुधारला तसा तो जगाच्या बऱ्याच भागांतून मागे हटला.

सुश्रुतसंहितेत हे निरीक्षण स्पष्ट आहे. निदानस्थानाच्या तिसऱ्या अध्यायात म्हटलंय की अश्मरी बहुधा मुलांना होते, आणि मुलांचं शरीर लहान, मूत्राशयावर मांस कमी, म्हणून खडा पकडून काढायला सोपा जातो. चिकित्सास्थानाच्या सातव्या अध्यायात शस्त्रक्रियेचं वर्णन येतं. ते वाचताना अंगावर काटा येतो, कारण ते इतकं नेमकं आहे. गुडघ्याएवढ्या उंचीच्या फळीवर एक बलवान, न डगमगणारा माणूस बसवायचा. त्याच्या मांडीवर रुग्णाला उताणा टेकवायचा, कंबर थोडी उंच. गुडघे आणि कोपरं दुमडून एकत्र बांधायची, दोरीने किंवा कापडाच्या पट्ट्यांनी. मग पोट दाबून खडा खाली आणायचा, आणि वैद्याने डाव्या हाताची बोटं आत घालून तो पकडायचा. शिवणीच्या डाव्या बाजूला जवभर अंतर सोडून छेद घ्यायचा.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, बलवान माणसाचं विशेषण. तो नुसता ताकदवान असून चालत नाही, न घाबरणारा हवा. ज्याला धरायचं त्याच्याइतकीच धरणाऱ्याची परीक्षा आहे, हे ग्रंथकाराला कळलेलं होतं. दुसरी, या वर्णनाच्या आधीच दिलेली सूचना: शस्त्रक्रिया न केली तर मृत्यू निश्चित, केली तर जगण्या-मरण्याची शंका, म्हणून अधिकारी व्यक्तीला विचारूनच वैद्याने हात घालावा. म्हणजे परवानगी आहे, पण ती रुग्णाची नाही. मांडीवर बांधलेल्या मुलाला कुणी विचारत नाही. मॅकॉलेच्या आयोगाने दंड संहितेचा मसुदा केला १८३७ मध्ये, ती मंजूर झाली १८६० मध्ये. सुश्रुतसंहिता तिच्याहून कितीतरी शतकं जुनी. पण दोन्हीकडे मूल तेच, खडा तोच आणि परवानगी देणारा तोच.

त्याच संहितेत मूल धरायची एक वेगळी रीतही आहे. सूत्रस्थानाच्या सोळाव्या अध्यायात कान टोचण्याचा विधी येतो. मूल सहा-सात महिन्यांचं. त्याला दाईच्या मांडीवर बसवायचं, खेळण्यांनी भुलवायचं, गोड बोलत राहायचं, आणि वैद्याने डाव्या हाताने कानाची पाळी ओढून, जिथून सूर्याचा उजेड आरपार दिसतो तिथे सुई घालायची. मुलाचा उजवा कान आधी, मुलीचा डावा.

आपल्याकडे हे काम पुढे वैद्याकडून सोनाराकडे गेलं. 'सोनारानेच कान टोचावे' ही म्हण आपण आता अधिकारवाणीने खडसावण्यासाठी वापरतो, पण तिच्या मुळाशी साधा व्यवहार आहे. ज्याचा हात सफाईचा, त्याच्याकडे काम द्यावं म्हणजे मूल कमी रडेल. कान टोचताना बाळ कुणाच्या मांडीवर बसतं? बऱ्याच घरांत मामाच्या. टोचून झालं की हातात पेढा, नाहीतर खुळखुळा. दीड-दोन मिनिटांचा प्रसंग, आणि त्यात सुश्रुताचा अख्खा सोळावा अध्याय आहे. मांडी, खेळणं, गोड बोलणं.

तर मूल धरण्याच्या या दोन जुन्या पद्धती. एकीत दोरी आणि बलवान माणूस, दुसरीत मांडी आणि खुळखुळा. पुढचा सगळा इतिहास म्हणजे कुठल्या वेळी कुठली पद्धत वापरली गेली याचा आहे.

तीन वर्षांची मुलगी आणि देवी काढणारे

१४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला देवीची लस टोचण्यात आली. भारतात यशस्वीपणे लस टोचली गेलेली ही पहिली व्यक्ती. लस आली होती बगदाद-बसरामार्गे, एका दंडावरून दुसऱ्या दंडावर प्रवास करत. त्या काळी शीतपेटी नव्हती. लस जिवंत ठेवायची सगळ्यात खात्रीची जागा म्हणजे मुलाचं शरीर. एका मुलाला टोचायचं, आठवड्याभराने त्याच्या दंडावर फोड आला की तो फोडून त्यातलं पाणी पुढच्या मुलाला टोचायचं. अ‍ॅनाच्या दंडावरून मुंबईतल्या पाच मुलांना लस गेली, आणि मग मुंबईहून पुणे, सुरत, हैदराबाद अशी देशभर.

याचा अर्थ नीट पाहू. मुलाला दोनदा धरावं लागे. पहिल्यांदा टोचताना, दुसऱ्यांदा फोडातलं पाणी काढून घेताना. पहिल्या वेळी मुलाचा फायदा होता. दुसऱ्या वेळी दुसऱ्याच कुणाच्या मुलाचा. आईबापांचा रोष प्रामुख्याने या दुसऱ्या वेळेवर होता, आणि 'अडाणी जनतेचा विरोध' या एका शब्दप्रयोगाखाली तो झाकला जातो. पुढे १८७७ मध्ये मुंबई शहरात लस सक्तीची झाली, १८८० मध्ये देशपातळीवर कायदा आला. वासरांच्या अंगावर लस वाढवण्याची पद्धत रुळली तशी दंडावरून दंडावर टोचणं थांबलं. धरणं मात्र थांबलं नाही.

मराठीत लस टोचण्याला 'देवी काढणे' म्हणतात. शब्द मजेशीर आहे. देवी म्हणजे रोगही आणि शीतलामाताही, आणि 'काढणे' म्हणजे जणू दंडावर तिचं चित्र काढायचं. माझी आजी खेडजवळच्या गावातली. देवी काढणारा आला की मुलं माळ्यावर नाहीतर कणगीमागे लपायची, आणि घरातलीच माणसं त्यांना ओढून बाहेर आणायची, असं ती सांगायची. त्या वेळचं यंत्र होतं फिरतं पातं: चकतीला बारीक दात, कातडीवर टेकवून गोल फिरवायचं. पुढे साठ-सत्तरच्या दशकांत दोन टोकांची सुई आली आणि काम सोपं झालं. आजीच्या दंडावर दोन मोठे गोल वण होते, रुपयाएवढे. १९७५ नंतर भारतात देवीचा रोगी सापडला नाही. माझ्या पिढीच्या दंडावर ते वण नाहीत, कारण आजीच्या पिढीला धरून ठेवलं गेलं. हे मान्य केल्याशिवाय पुढे बोलण्यात प्रामाणिकपणा नाही. मुलाला धरण्याच्या विरोधात लिहिणं सोपं असतं. ज्या मुलांना कुणी धरलं नाही, ती लिहायला उरली नाहीत.

भूल आली, मग काय बदललं?

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये मॉर्टनने ईथरची भूल देऊन दाखवली. १८४७ च्या मार्चमध्ये कलकत्त्यात ईथर वापरलं गेलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एडिंबरामध्ये जेम्स सिम्प्सनने क्लोरोफॉर्म आणलं. शाळेतल्या पुस्तकातला इतिहास इथे टाळ्या वाजवून थांबतो: वेदना संपली, दोऱ्या सुटल्या.

पण क्लोरोफॉर्मखाली इस्पितळात झालेल्या अगदी पहिल्या शस्त्रक्रियेचा रुग्ण कोण होता? चार-पाच वर्षांचा एक मुलगा. हाताच्या पुढच्या भागातलं हाड सडलं होतं. तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातला, त्याला फक्त गेलिक येत होतं. खोलीतले डॉक्टर इंग्रजी बोलणारे. तोंडासमोर रुमाल धरल्यावर तो घाबरला, सुटायला धडपडला. सिम्प्सनने त्याला हळुवार पण घट्ट धरलं आणि वास घ्यायला लावला. काही श्वासांत रडणं थांबलं, मूल घोरू लागलं. हाड काढलं गेलं, त्याला पत्ताही लागला नाही.

ही घटना मला फार महत्त्वाची वाटते. भूल आली म्हणून मुलाला धरणं संपलं नाही. ते टेबलावरून मुखवट्यापाशी सरकलं. आधी अर्धा तास सुरीखाली धरायचं, आता अर्धं मिनिट रुमालाखाली. हा फरक प्रचंड आहे, कुणीही तो नाकारणार नाही. पण त्या अर्ध्या मिनिटात मुलाच्या बाजूने काय घडतं? त्याला माहीत नाही की हा रुमाल त्याच्या भल्याचा आहे. त्याला एवढंच कळतं की अनोळखी माणसं आपला श्वास कोंडतायत आणि कुणाचीच भाषा आपल्याला समजत नाही. गेलिक बोलणारा तो मुलगा एकटा नव्हता. शस्त्रक्रियेच्या खोलीत प्रत्येक लहान मूल असंच, भाषा न कळणाऱ्या मुलखात आलेलं असतं.

क्लोरोफॉर्म धोकादायकही होतं. १८४८ च्या जानेवारीत इंग्लंडमध्ये पंधरा वर्षांची एक मुलगी पायाचं नख काढताना त्याने दगावली. पुढची चाळीसेक वर्षं वाद चालला की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतं की हृदय. त्या वादातले दोन मोठे प्रयोग १८८८ आणि १८८९ मध्ये निजामाच्या हैदराबादेत झाले. आपला मराठवाडा तेव्हा त्याच राज्यात होता. आयोगाचं म्हणणं होतं की श्वासावर लक्ष ठेवलं तर क्लोरोफॉर्म सुरक्षित आहे. ते पूर्ण बरोबर ठरलं नाही, पण 'श्वासाकडे बघा' हा धडा टिकला. इथे दिसतं ते असं की डॉक्टरमंडळी अतिशय काळजीने कुत्र्या-माकडांचे श्वास मोजत होती. भूल देण्याआधी मूल किती घाबरलं, हे मोजायची कल्पना यायला आणखी बराच काळ जायचा होता.

पुण्यात ससून रुग्णालय १८६७ मध्ये सुरू झालं, मुंबईत वाडियांचं खास मुलांसाठीचं रुग्णालय १९२९ मध्ये. शस्त्रक्रिया वाढल्या, मुलं वाचू लागली. त्याचबरोबर धरण्याचं शास्त्र बनलं. नर्सिंगच्या पाठ्यपुस्तकांत आजही त्याचे प्रकार शिकवले जातात. 'ममी' पद्धत: चादर घडी घालून मुलाला हातापायांसकट गुंडाळायचं, डोकं तेवढं बाहेर. कोपराची पट्टी: बाही ताठ ठेवणारी, म्हणजे दुभंगलेल्या ओठाच्या शस्त्रक्रियेनंतर मूल टाक्यांना हात लावणार नाही. मनगटाची गाठ: सलाईनचा हात हलू नये म्हणून. ओठाच्या टाक्यांच्या बाबतीत अलीकडच्या अभ्यासांत असं दिसलं की पट्ट्या बांधल्या काय आणि न बांधल्या काय, जखमेत फार फरक पडत नाही. तरी पट्ट्या बांधल्या जातात. 'नेहमी असंच करतो' हे कारण इस्पितळातही चालतं, आमच्या आयटी कंपन्यांतही चालतं.

'त्याला काही कळत नाही'

सगळ्यात अंधारा भाग अजून सांगायचा आहे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून एक समज पक्का झाला की तान्ह्या बाळाची मज्जासंस्था अपुरी असते, त्याला वेदना नीट जाणवत नाही, जाणवली तरी आठवत नाही. शिवाय नाजूक बाळाला पूर्ण भूल दिली तर ते दगावेल अशी भीती होती, आणि ती अगदी निराधार नव्हती. त्यामुळे ऐंशीच्या दशकापर्यंत, अमेरिका-इंग्लंडमधल्या नामांकित इस्पितळांतही, अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर नाममात्र भूल किंवा नुसतं स्नायू लुळे करणारं औषध देऊन शस्त्रक्रिया होत.

हे औषध वेदना थांबवत नाही, हालचाल थांबवते. म्हणजे सुश्रुताची दोरी, पण रक्तातून दिलेली. रडता येत नाही, हात झाडता येत नाही. खोलीतल्या कुणालाच काही ऐकू येत नाही. धरणाऱ्या माणसाची निदान एक बाजू चांगली होती. मूल किती धडपडतंय हे त्याच्या हातांना कळत होतं.

हा समज मोडण्यात ज्याचा मोठा वाटा आहे तो डॉक्टर भारतातला. कंवलजीत आनंद, इंदूरच्या मेडिकल कॉलेजातून शिकलेला, ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर ऑक्सफर्डला गेलेला. शस्त्रक्रियेहून परतलेली बाळं इतकी खालावलेली का असतात, हा प्रश्न त्याला पडला. त्याने बाळांच्या रक्तातली ताणाची संप्रेरकं मोजली. १९८७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या त्याच्या आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं की फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या बाळांच्या शरीरावर ताण कमी पडला आणि शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंतही कमी झाली. म्हणजे वेदना थांबवणं हे केवळ दयेचं काम नव्हतं, चांगलं वैद्यक होतं. त्याच सुमारास अमेरिकेत, आपल्या बाळावर भुलीशिवाय शस्त्रक्रिया झाली हे नंतर कळलेल्या एका आईने प्रश्न जाहीरपणे लावून धरला होता. १९८७ मध्येच अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने सांगितलं की नवजात बाळांनाही भूल आणि वेदनाशामक द्यायला हवं.

१९८७. माझ्या जन्माच्या फार तर दहा-बारा वर्षं आधी. माणूस चंद्रावर जाऊन अठरा वर्षं झाली होती.

टाके

मी सहा वर्षांचा असताना सोसायटीच्या जिन्यात पडलो आणि हनुवटी फुटली. जवळच्या नर्सिंग होममध्ये तीन टाके घातले. मला चादरीत गुंडाळलं होतं. कंपाउंडरकाकांनी डोकं धरलं आणि बाबांनी पाय. सुई टोचल्याचं मला अंधुक आठवतं. पक्कं आठवतं ते बाबांच्या घड्याळाच्या पट्ट्याचं टोक, जे माझ्या घोट्यात रुतत होतं. या लेखाच्या निमित्ताने त्यांना विचारलं. ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाले धरा, मी धरलं. तुझ्याकडे बघायची हिंमत नव्हती, म्हणून खाली मान घालून होतो." सुश्रुताला जो न डगमगणारा माणूस हवा होता, त्या जागी आपण बहुतेक वेळा मुलाच्या बापालाच उभं करतो.

टाके घालू नयेत असं माझं म्हणणं नाही. रक्त वाहत होतं, काम पाच मिनिटांचं होतं. पण त्या पाच मिनिटांच्या आधीची दोन मिनिटं कुणाची होती? कातडी बधिर करणारं मलम, तोंडातून देण्याचं गुंगीचं औषध, केटामिन, ही सगळी साधनं आज आहेत. साधन नसेल तिथेही उताणं दाबण्याऐवजी मुलाला आईच्या मांडीवर, तिच्याकडे तोंड करून बसवता येतं. बालरुग्णालयांत याला आता रीतसर नाव आहे, प्रशिक्षण आहे. सोळाव्या अध्यायातली दाईची मांडीच ती. दातांच्या दवाखान्यात ओरडणाऱ्या मुलाचं तोंड हाताने दाबून धरण्याचं तंत्र अमेरिकेतल्या बालदंतवैद्यांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक तत्त्वांतून काढलं ते २००६ मध्ये. म्हणजे बदल होतात, सावकाश होतात.

आपल्याकडे कायदा कुठे आहे? दंड संहिता गेली, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. ८९ चं झालं २७, ९२ चं झालं ३०. बारा वर्षांखालच्या मुलासाठी पालकाची संमती पुरते, हे तसंच. दुसरीकडे आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वं सांगतात की संशोधनात मुलाला घ्यायचं असेल तर सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्या. संशोधनासाठी विचारायचं, टाक्यांसाठी नाही. त्याच वर्षीचा मानसिक आरोग्य सेवा कायदा, कलम ९७, म्हणतो की मानसिक आरोग्य संस्थेत रुग्णाला बांधायची वेळ आलीच, तर तो शेवटचा उपाय असावा आणि कसं बांधलं, का बांधलं, किती वेळ, हे लगेच रुग्णाच्या कागदपत्रांत लिहावं. शिक्षा म्हणून किंवा कर्मचारी कमी आहेत म्हणून बांधता येणार नाही.

'कर्मचारी कमी आहेत म्हणून' हे शब्द मुलांच्या कुठल्याही ओपीडीत नेऊन बघा. रांग लागलेली, भूलतज्ज्ञ एकच, तोही ऑपरेशन थिएटरात. अशा वेळी चादर ही सगळ्यात स्वस्त भूल असते. दोष तिथल्या नर्सचा नाही. पण ती चादर कागदावर येत नाही. औषध मिलिग्रॅममध्ये लिहिलं जातं, टाके मोजले जातात, धाग्याचा नंबर लिहिला जातो. मुलाला किती जणांनी, किती वेळ धरलं, त्याआधी त्याला काही सांगितलं होतं का, यासाठी केसपेपरवर रकाना नसतो. आमच्या धंद्यात, ज्याची नोंद नाही ते कधी दुरुस्त होत नाही, कारण ते घडलं हेच कुणाला दाखवता येत नाही.

तो एक रकाना असावा, एवढंच माझं मागणं आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्याने रडणाऱ्या मुलाचा आवाज कागदावर उतरवला होता. सर्जनला निर्दोष ठरवण्यासाठी का होईना, पण उतरवला होता. आपल्या केसपेपरला तेवढं तरी जमावं.